‘सुरुंग’चा शेवटचा कार्यक्रम

“भास्कर, ऐक,” कर्णिक मॅडम म्हणाल्या आणि आपल्या कानांवरचा हेडफोन काढून त्यांनी माझ्या कानांवर ठेवला.

कुणी गात नव्हतं, वाजवत नव्हतं, तरी आत एक जाड घूंऽऽ चालू होतं. पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडल्यासारखं.

“हा हम, ही घूंघूं, जात नाही तोवर मी रेकॉर्डिंग करू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “मुंबईहून एवढी यंत्रं आणली ती भुंगा टेप करायला नाही. साडेतीन वाजलेत. साडेचारला तुम्ही सुरू करणार. बघ काय ते.”

मी त्यांच्या रेकॉर्डिंगच्या व्हॅनमधून खाली उतरलो. खाणीच्या वसाहतीचं मैदान तेव्हाच अर्धं भरलं होतं. फेब्रुवारीतलं चंद्रपूरकडचं ऊन. पोरं डोक्यावर रुमाल टाकून बसली होती. यवतमाळहून, अमरावतीहून, थेट अकोल्याहून आलेली पोरं. काहींनी काळ्या बनियनवर पांढऱ्या ऑइल पेंटनं ‘सुरुंग’ असं लिहिलं होतं.

‘सुरुंग’ म्हणजे आम्ही तिघं. जयदेव उरकुडे गायचा आणि गिटार वाजवायचा, श्रीनिवास ड्रम वाजवायचा, मी बेस. तिघांचे बाप एकाच खाणीत. आठ वर्षांपूर्वी आम्ही वसाहतीच्या गणपतीत पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा दोन गाण्यांनंतर कुणीतरी जनरेटर बंद केला होता. नागपुरात एका कॉलेजात आम्हाला चपला दाखवल्या. अशा गिटारवर मराठी चालतच नाही, असं तिथले शहाणे म्हणायचे. जयदेवनं चालवून दाखवली. खाली उतरलेल्या माणसानं वरच्याला हाक मारावी तसा तो गायचा, आमच्याच बोलीत. मग पुणं झालं, हैदराबाद झालं, पेपरात फोटो आले, आणि मुंबईच्या एका कंपनीनं ठरवलं की आमची कॅसेट आमच्याच मैदानावर, लोकांसमोर रेकॉर्ड करायची.

आमच्या आवाजाचं नाव झालं त्यात माझाही हात होता. मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये वायरमन. बंद पडलेल्या एका टुरिंग टॉकीजचे व्हॉल्व्ह आणून जयदेवच्या गिटारचा अॅम्प्लिफायर मी स्वतः बांधला होता. तसा खरखरीत, जळका आवाज कुठल्याच विकतच्या डब्यातून निघत नसे.

आणि हम त्याच डब्यातून येत होता. कारण मला कळत होतं. डब्याचं अर्थिंग आमच्या जनरेटरकडून होतं, आणि व्हॅनमधल्या यंत्रांचं व्हॅनकडून. दोन्हीकडून जमिनीशी जोडणी असली की असा भुंगा शिरतो. मी वायरी लांब केल्या, जवळ आणल्या, डबा फिरवून पाहिला. भुंगा हलेना.

जनरेटरपाशी दौलत मडावी बसला होता. पन्नाशीचा माणूस, मंडपवाल्याकडे कामाला. त्यानं सकाळीच जनरेटरशेजारी खड्डा खणून त्यात लोखंडी सळई ठोकली होती, आणि आता डबड्यानं त्यावर पाणी ओतत होता.

“पाहा न भाऊ,” तो मला म्हणाला. “मीठ टाकलं, कोळसा टाकला. असं अर्थिंग तुमाले नागपुरात नाही भेटनार.”

“मस्त झालं दौलतभाऊ,” मी म्हणालो.

चार वाजून दहा मिनिटं झाली. कर्णिक मॅडमनी व्हॅनच्या दारातून माझ्याकडे पाहून मनगटावरचं घड्याळ दाखवलं. मी मंचामागे गेलो, अॅम्प्लिफायरचा प्लग काढला, प्लगचं झाकण उघडलं आणि आतली हिरवी वायर सोडवून बाजूला सारली. झाकण लावून प्लग परत खोचला. दोन मिनिटांचं काम. कुणी पाहिलं नाही.

हिरवी वायर कशासाठी असते, हे वायरमनला सांगावं लागत नाही. यंत्रात वीज फुटली, तर ती माणसात न शिरता जमिनीत जावी, एवढ्यासाठीच ती असते. आणि तो डबा जुना होता. पावसाळ्यात कधीकधी हाताला मुंग्या आणायचा.

“गेला!” व्हॅनमधून मॅडम ओरडल्या. “काय केलंस?”

“कनेक्शन ढिलं होतं,” मी म्हणालो.

दीड तासाचा तर प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

कार्यक्रम सुरू झाला आणि मी ते विसरलोसुद्धा. पाच-सहा हजार माणसं एका दमात उभी राहिली. आमची गाणी त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होती. पहिल्या रांगेत वर्कशॉपमधले माझे हेडमिस्त्री होते, सत्तावन्न वर्षांचे, तेही मान हलवत होते.

तिसऱ्या गाण्यात जयदेवनं माइकपासून झटकन तोंड मागे घेतलं. गाणं संपल्यावर तो माझ्याजवळ आला. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता, आणि तो हसत होता.

“माइक चावून राहिला बे,” तो म्हणाला.

कुठून कुठे वीज जात होती, ते मला त्याच क्षणी कळलं. एक हात गिटारच्या तारांवर, ओठ माइकच्या जाळीवर. तारा त्या डब्याशी जोडलेल्या, माइक व्हॅनमधल्या चांगल्या अर्थिंगशी. मधे जयदेव.

“थांबतो का दोन मिनिटं?” मी विचारलं.

“कायले? लोक पाह्य न कसे तापले. थोडंसंच चावते.”

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. ‘बंद कर, मी वायर काढली आहे’, एवढंच. पण व्हॅनच्या काचेतून मॅडम अंगठा वर करून दाखवत होत्या, आणि टेप फिरत होती. मी खिशातून स्पंजचा तुकडा काढला, माइकच्या जाळीवर चढवला आणि रबर लावलं.

“आता नाही चावणार,” मी म्हणालो.

पुढची पाच गाणी मी काय वाजवलं ते मला आठवत नाही. मी फक्त त्या स्पंजकडे पाहत होतो. जयदेव गायला की त्याच्या ओठांचा घाम, थुंकी त्यात मुरायची. पिवळा स्पंज हळूहळू काळपट होत गेला. ओला स्पंज आणि उघडी जाळी यांत फरक नसतो. दर गाण्यानंतर मी मोजायचो, आता चार राहिली, आता तीन. देवाला मी कधी काही मागत नसे. त्या दिवशी मागितलं. फक्त हे संपू दे.

शेवटचं गाणं राहिलं. त्याचं नाव ‘खोल’. पाळीला खाली उतरणाऱ्या माणसाचं गाणं. त्यात शेवटी जयदेव गुडघ्यांवर यायचा, माइकचा दांडा एका हातानं धरायचा, दुसरा हात तारांवर दाबून ठेवायचा आणि लांब सूर लावायचा. लोक त्या सुरासाठीच थांबलेले असायचे.

तो गुडघ्यांवर आला. त्यानं दांडा धरला.

जी किंकाळी आली ती सुराची नव्हती. माणसाच्या गळ्यातून तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. वर चढत गेली आणि मधेच आतल्या आत फाटली. लोक वेडे झाले. शिट्ट्या, टाळ्या, रुमाल हवेत. त्यांना वाटलं, आज जयदेवनं कमाल केली. श्रीनिवासला ड्रममागून फक्त त्याची पाठ दिसत होती. तो आणखी जोरात वाजवू लागला.

मला जयदेवचा चेहरा दिसत होता. डोळे उघडे होते आणि त्यांत पाहणं नव्हतं. दांड्यावरचा हात सुटत नव्हता. तारांवरची बोटं सुटत नव्हती. संपूर्ण अंग एखाद्या ताणलेल्या दोरासारखं बारीक थरथरत होतं. माझ्यापासून सहा हात लांब. आणि सहा हजार माणसं टाळ्या वाजवत होती.

मग मी बेस खाली टाकला आणि मंचामागे उडी मारून मेन स्विच ओढला.

सगळे आवाज एकदम गेले. स्पीकरचे, ड्रमचे. राहिल्या फक्त टाळ्या. ऊन अजून होतं, त्यामुळे सगळं स्वच्छ दिसत होतं. “वन्स मोअर!” कुणीतरी ओरडलं.

मी मंचावर पोचलो तेव्हा श्रीनिवास जयदेवच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवून दाबत होता. खाणीत त्याला प्रथमोपचाराचं शिक्षण दिलं होतं, ते त्या दिवशी कामाला आलं. तो आपल्या घरच्या तेलुगूत काहीतरी पुटपुटत होता आणि रडत होता. “हात लाव न बे भास्कर! पाहून काय राहिला! तोंडानं हवा दे!” मी वाकलो. जयदेवच्या ओठांना जळक्या स्पंजचा वास येत होता. मी हवा भरली, परत भरली. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग त्याच्या घशात घरघर झाली, आणि तो ओकला.

तो जगला. रात्री डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, पण डाव्या हाताची दोन बोटं आता वाकणार नाहीत. तारांचे व्रण हाडापर्यंत गेले होते.

सकाळी पोलिस आले, सोबत वीज तपासणारे एक साहेब. त्यांनी अॅम्प्लिफायरचा प्लग उघडला, आत पाहिलं, बंद केला. “हा बरोबर आहे,” ते म्हणाले. “फॉल्ट जनरेटरकडूनच आला असणार.” दौलतला चौकीवर नेलं.

मलाही जबाबासाठी बोलावलं. दौलत बाकाशेजारी जमिनीवर उकिडवा बसला होता. कानशिलापाशी सूज होती. मला पाहून तो अर्धवट उठला.

“भाऊ, तुमी पाह्यलं होतं न. मी मीठ टाकलं, पानी टाकलं. तुमी मस्त झालं म्हनलं होतं. सांगा न यायले.”

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. “काय हो, पाहिलं होतं का?”

“हो,” मी म्हणालो. “खड्डा पाहिला होता.”

“अर्थिंग बरोबर होतं?”

“ते... मला तपासायला वेळ झाला नाही,” मी म्हणालो.

दौलत माझ्याकडे पाहतच राहिला. त्याला राग आला नाही, तेच वाईट होतं. त्याला वाटलं, माझं खरंच लक्ष नसेल. तो पुन्हा उकिडवा बसला. आपलंच काही चुकलं का, असं आठवत असावा.

दुपारी मी दवाखान्यात गेलो. कर्णिक मॅडम तिथे होत्या, रात्रभर झोपल्या नव्हत्या. त्यांच्या मांडीवर छोटा टेपरेकॉर्डर होता.

“जयदेव, हे पुसून टाकायचं का, ते तू सांग,” त्या म्हणाल्या. “कंपनीला मी अजून कळवलेलं नाही. तू म्हणशील तसं.”

“ऐकवा,” जयदेव म्हणाला. त्याचा आवाज चिंधीसारखा झाला होता.

त्यांनी बटण दाबलं. ‘खोल’चा शेवट. किंकाळी आली. मॅडमनी मान वळवली. जयदेव डोळे मिटून ऐकत होता. आणि मला त्या किंकाळीखाली दुसरंच ऐकू आलं.

माझा बेस चालू होता. काल मला वाटलं होतं की मी लगेच धावलो. टेप खोटं बोलत नव्हती. जयदेव किंचाळला, त्याची किंकाळी फाटली, संपली, आणि माझा बेस ठेक्यात, एकही स्वर न चुकवता, वाजत होता. चार आवर्तनं. मी सहा हातांवरून त्याचा चेहरा पाहत होतो आणि भीतीनं हात थांबवू शकत नव्हतो. नंतर धप्प असा आवाज, बेस पडल्याचा.

“ठेवा,” जयदेव म्हणाला. “पुसू नका. आता या हातानं तर काही वाजनार नाही. हे तरी राहू द्या.”

मॅडम डोळे पुसत बाहेर गेल्या. खोलीत आम्ही दोघंच राहिलो.

“दौलतला पोलिसांनी धरलं,” मी म्हणालो.

“आयकलं मी. बेवकूफ साला.”

“त्याची चूक नाही जयदेव.”

त्यानं डोळे उघडले.

“माझी आहे. हम जात नव्हता म्हणून मी डब्याची अर्थिंगची वायर काढली होती. माइक चावून राहिला, असं तू म्हटलं, तेव्हा मला माहीत होतं काऊन चावून राहिला ते.”

“पन प्लग तर बरोबर निघाला म्हनते.”

“मी स्विच पाडला न, त्याच्यानंतर.” मी त्याच्या हाताच्या पट्टीकडे पाहत बोलत होतो. “तू वर पडला होता. श्रीनू तुझी छाती दाबून राहिला होता. अन मी खाली बसून प्लगचं झाकण उघडलं, वायर परत जोडली, स्क्रू पिळला. मग वर आलो.”

आमच्या खाणीत छत कोसळलं होतं तेव्हा जयदेव विशीचा होता, आणि कुणी सांगायच्या आधी मदतीला आत उतरला होता. मी त्याला कशाला घाबरताना पाहिलं नव्हतं. तो आता माझ्याकडे पाहत होता, आणि पाहता पाहता त्यानं पट्टी बांधलेला हात हळूच चादरीखाली ओढून घेतला. मग पाय ओढून घेतले. पलंगाच्या त्या कडेला, भिंतीपर्यंत सरकला.

“मागं हो,” तो म्हणाला.

“जयदेव...”

“मागं हो बे. जवळ येऊ नको.”

मी दारापर्यंत मागे गेलो.

“दौलतभाऊले सोडव,” तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “पयले त्याले सोडव.”

चौकी दवाखान्यापासून दहा मिनिटांवर होती. मला अर्धा तास लागला. दोनदा मी परत फिरलो. एकदा तर एसटी स्टँडपर्यंत गेलो आणि लागलेल्या गाडीची पाटी वाचत उभा राहिलो. मग चौकीत जाऊन हवालदाराला म्हटलं, “जबाब बदलायचा आहे.” मी सगळं सांगत होतो तेव्हा दौलतनं तोंडावर टॉवेल घेतला होता. सुटून जाताना तो माझ्यासमोर थांबला. मला वाटलं, मारेल. तो म्हणाला, “मी रातभर इचार करून राह्यलो, मी काय इसरलो म्हनून,” आणि निघून गेला.

माझा परवाना गेला, नोकरी गेली. कोर्टात जयदेवनं माझ्याविरुद्ध बोलायला नकार दिला, तरी शिक्षा झाली, आणि ती मी भोगली. कॅसेट त्याच वर्षी आली. त्यानंतर काय झालं ते आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. गावोगावी बँड निघाले. कुणी झाडीबोलीत गायला लागलं, कुणी गोंडीत, कुणी वऱ्हाडीत. प्रत्येकाला आपला सूर शेवटी ‘खोल’सारखा फाडायचा असे. अपघात झाला होता एवढं सगळ्यांना माहीत होतं, पण किंकाळी ती आधीची, गाण्यातलीच, असं पोरं धरून चालत. त्या किंकाळीखालचा बेस कुणाच्या लक्षात आला नाही. मी ती कॅसेट पुन्हा ऐकली नाही. लग्नाच्या मांडवात, पानठेल्यावर ती लागली की मी उठून जायचो.

जयदेव आणि मी सव्वीस वर्षं बोललो नाही.

मग नागपुरात पोरांनी ‘सुरुंग’च्या सन्मानाचा कार्यक्रम ठेवला. भर दुपारी, एका मोठ्या हॉलमध्ये, अकरा बँड. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. एकेक जण यायचा, आमची गाणी वाजवायचा, शेवटी किंचाळायचा, आणि हॉल टाळ्यांनी भरायचा. शेवटी जयदेवला मंचावर बोलावलं. केस पांढरे, डावा हात खिशात. लोक उभे राहिले आणि ‘खोल’, ‘खोल’ ओरडू लागले.

तो माइकपर्यंत गेला आणि थांबला. बराच वेळ नुसता उभा होता. टाळ्या विरल्या, लोक एकमेकांकडे पाहू लागले. लांबूनसुद्धा मला कळत होतं. तो माइकची वायर नजरेनं मागे मागे शोधत होता.

“भास्कर लोणबळे आला का?” तो म्हणाला, माइकशिवायच.

मी उठलो. मंचावर गेलो, तर तो दोन पावलं मागे सरकला, तसाच, दवाखान्यातल्यासारखा.

“पाह्य न,” तो हळू म्हणाला. “बरोबर आहे का?”

मी वायरी पाहिल्या. प्लग उघडले, सॉकेट तपासले, एका पोराकडून मीटर मागून घेतला. पंधरा मिनिटं गेली.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की.”

“मग पयले तू.”

मी गिटार गळ्यात घातली, एका हातानं तारा घट्ट धरल्या आणि माइकच्या जाळीवर ओठ टेकवले. थंड लोखंड. माझे दात वाजलेले स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू गेले. बाकी काही झालं नाही.

जयदेवनं मान हलवली. पुढे आला. तरी माइकला त्यानं तोंड लावलं नाही. एक वीतभर अंतर ठेवून, हात पाठीमागे बांधून तो ‘खोल’ गायला, सगळं. शेवटचा लांब सूर त्यानं साधा लावला. न फाडता, जसा तो मुळात बांधला होता तसा.

त्या दुपारचा व्हिडिओ खूप फिरला. हल्ली आमच्याकडची पोरं माइकपासून वीतभर लांब, हात मागे बांधून गातात. मध्ये एकाला मी विचारलं, असं का उभा राहतोस. तो म्हणाला, “काका, ही ‘सुरुंग’ची स्टाइल आहे.”